चार वाजताचा कोरा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, अंगावर ओरखडेच ओरखडे. शाळेत नवे पांढरे फळे आले, तेव्हा मला भिंतीशी उलटे टेकवून ठेवले होते. एका बसचालकाने मला मागून घेतले, काळा रंग दिला आणि स्वयंपाकघराबाहेर टांगले.

त्यांची बायको रुग्णालयात परिचारिका होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी तिने आपल्या दोन मुलांसाठी पट्टी घेऊन माझ्यावर चौकोन आखले. सहाला पोहणे, आठला हस्ताक्षर, दहाला गणित, चारला नाच, साडेपाचला इंग्रजी संभाषणाचा वर्ग. जेवणाची दुपार सोडली तर एकही तास मोकळा नाही! शेजारीण म्हणाली, "काय बाई तुझं नियोजन!" मला तर मूठभर मांस चढले.

तिसऱ्या आठवड्यात चारचा चौकोन कुणीतरी पुसला. आईने पुन्हा लिहिले. दुसऱ्या दिवशी परत पुसलेला! तिने धाकट्याला धारेवर धरले.

"माझा हात तरी पोचतो का तिथवर?" तो रडवेला होऊन म्हणाला.

तेवढ्यात दहा वर्षांची ताई पुढे आली. तिच्या कोपराला खडूची भुकटी लागली होती.

"मीच पुसलं, आई."

"अगं, पण का? नाच आवडत नाही तुला?"

"आवडतो. पण बाबा चारला घरी येतात. मी सातला परत येते, तर ते झोपलेले असतात. पहाटे उठायचं असतं ना त्यांना. सुट्टी लागल्यापासून मी त्यांच्याशी धड बोललेच नाहीये."

आई ताईजवळ खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मी कामावर गेल्यावर तुम्ही एकटे पडाल, अशी भीती वाटायची गं. म्हणून सगळं भरून टाकलं."

तिने खडू ताईच्या हातात दिला. ताईने पोहणे ठेवले, गणितही ठेवले. बाकीचे पुसले आणि चारचा चौकोन कोराच सोडला. धाकट्याने कडेला बस काढली. ती हुबेहूब चपलेसारखी दिसत होती.

त्या तासात कधी बाबा सायकलचे पंक्चर काढायला शिकवत, कधी तिघेही गार फरशीवर लोळत नुसत्या गप्पा मारत. आईला सुट्टी असली की तीही पदर खोचून त्यांच्यात येऊन बसे. त्या घरात इतके हसू मी आधी ऐकलेच नव्हते.

आता मुले मोठी झाली. मी गच्चीच्या जिन्यात धूळ खात पडलो आहे. कुणी ओल्या फडक्याने पुसले, तर अजूनही उपयोगी पडेन. तुमच्याही घरी असा एखादा फळा असेल, तर त्याला अडगळीत टाकू नका. सुट्टीचे वेळापत्रकही जरूर आखा. आणि तुमच्या आईबाबांना माझा एक निरोप सांगा: लिहिण्याआधी खडू मुलांच्या हातात द्या आणि जरा गप्प बसून वाट बघा.