पाहुण्यांची थंडी

दालनात पाऊल टाकलं की आधी थंडी अंगाला भिडायची, आवाज नंतर. ओळीनं उभी काळी कपाटं, कपाटांत सर्व्हर, आणि त्यांची ती अखंड घुमणी, कुठेतरी मोठं पोळं लागल्यासारखी. जगभरातली माणसं आपले फोटो, निरोप, गाणी इथे ठेवायला पाठवत होती आणि ते सगळं थंड राखायचं काम एका बाईकडे होतं. कंपनीच्या कागदावर तिचा हुद्दा लांबलचक होता, पण सगळे तिला मिस्तरीण म्हणायचे.

दारावरचे पहारेकरी काका बारा महिने कानटोपी घालून बसत. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणत, "पोरी, माझा उन्हाळा तू खाल्लास." ती हसायची. पण गेल्या काही महिन्यांपासून तिचं हसू अर्ध्यात विरायचं. कारण दालनात माणसं काकडत होती आणि सर्व्हर तापत होते. वरच्या फळ्यांवरचे तर इतके, की हात लावला की चटकन मागे घ्यावा.

मोठ्या साहेबांनी त्यावर सोपा उपाय काढला. गच्चीवर हवा गार करणारी चार अवजड यंत्रं, चार चिलर होते, पाचवा बसवायचा. पाचवा चिलर म्हणजे आणखी पाणी. चिलरशेजारचे ते उंच मनोरे पाणी पितात आणि वाफ करून आभाळात सोडून देतात. ते पाणी खालच्या वस्तीच्या वाहिनीतून घ्यायचं ठरलं होतं. पत्र तयार होतं. गुरुवारी पाहुणे दालन बघायला येणार, त्यांत पाणी कचेरीच्या बाई असणार, त्यांच्या हातात ते पत्र द्यायचं. त्यांनी होकार दिला की खालच्या वस्तीचा नळ रोज येतो तो दिवसाआड येणार.

खालच्या वस्तीत, उतारावरच्या तिसऱ्या घरात, मिस्तरीण राहायची. सासूबाई आणि ती. घरातला नळ पहाटे खाकरायचा आणि मग बोलायला लागायचा, तशी सासूबाईंना जाग यायची.

पत्राचं कळलं त्या दिवशी तिनं सासूबाईंच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ खिशात टाकून कामावर नेलं. वीत-वीत दोरे तोडले आणि कपाटांच्या कडांना, फळ्यांच्या फटींना, छताजवळच्या तारांना बांधले. वारा दिसत नाही, पण दोरा दिसतो. शिडीवर बसून ती तासभर बघत राहिली. सर्व्हरच्या तोंडाशी बांधलेले दोरे मेल्यासारखे लोंबत होते. फटींतले दोरे उलटे फडफडत होते, म्हणजे सर्व्हरचा गरम श्वास मागून पुढे येऊन पुन्हा त्यांच्याच नाकात जात होता. आणि पाहुण्यांच्या सज्ज्यासमोरचे दोरे ताठ, आडवे, जोरात धावत होते.

सज्ज्यासमोर जमिनीत जाळीच्या अठरा फरश्या होत्या. जमिनीखालून येणारी थंड हवा जाळीतून वर येते. ती यायला हवी सर्व्हरसमोर. इथे ती येत होती रिकाम्या जागेत, जिथे वर्षातून सहा-सात वेळा पाहुणे उभे राहतात.

ती तडक मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. नीटनेटके होते, आणि नीटनेटकेपणावर त्यांचा फार जीव होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्या फरश्या त्यांनी स्वतः तिथे बसवून घेतल्या आहेत.

"पाहुण्याला थंडी वाजली पाहिजे," ते म्हणाले. "हुडहुडी भरली की त्याला वाटतं, इथे आपलं सामान सुरक्षित आहे."

"साहेब, सामान त्या कपाटांत आहे. पाहुण्यांच्या पायांत नाही."

साहेब हसले. मग तिनं पडद्यांचं सांगितलं. फरश्या हलवायच्या, कपाटांच्या दोन ओळींमधल्या थंड गल्लीला दोन्ही टोकांनी पडदे लावायचे, रिकाम्या फटी झाकायच्या. पाचवा तर नकोच, चौथाही बंद ठेवता येईल. साहेबांचं हसू मावळलं. चाळीस देशांची माणसं विश्वास टाकतात अशा जागेत तंबू ठोकायचा नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पुढची फाइल ओढली.

घरी येऊन तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी आयुष्यभर पडदे शिवले होते. दवाखान्यांचे, नाट्यगृहांचे, नवीन लग्न झालेल्यांचे. त्यांना चिलर कळत नव्हता, फट कळत होती.

"म्हणजे दार उघडं टाकून शेगडी पेटवतात तुझे साहेब," त्या म्हणाल्या. "माप आण."

तिनं माप आणलं. गोदामात पारदर्शक जाड प्लास्टिकची गुंडाळी पडून होती, जुन्या कामातली उरलेली. आधी तिनं त्याचा तुकडा आगीच्या बंदोबस्तावरच्या साहेबांपुढे नेला आणि काडी ओढून लावली. तुकडा आक्रसला, काळा पडला, पण पेटला नाही. त्यांनी पुन्हा एकदा स्वतः लावून बघितला आणि कागदावर सही दिली. एक सही मिळाली होती. दुसरी, मोठ्या साहेबांची, मिळणार नव्हती, म्हणून ती मागायला ती गेलीच नाही.

तीन दुपारी सासूबाईंचं मशीन चाललं. प्लास्टिक सुईखालून सरकताना कुरकुरायचं आणि सासूबाई पायाच्या ठेक्यावर काहीबाही जुळवत राहायच्या.

वारा वाटसरू, दार त्याला दावू,
उगा का फिरवू, रानोमाळ.

मशीनवर लालच दोरा चढवलेला होता. बदलायला हात गेला तशी मिस्तरीण म्हणाली, "असू द्या आई. दिसू दे."

रविवारी दालनात फक्त काका आणि ती. अठरा फरश्या तिनं एकेक करून उचलल्या आणि सर्व्हरसमोर नेऊन बसवल्या. पडदे टांगले. उरलेल्या तुकड्यांनी फटी झाकल्या. काका शिडी धरून उभे होते. नोकरी जाईल गं, असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी कानटोपी काढून खिशात ठेवली.

सोमवारी साहेबांनी पडदे बघितले. त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी पांढऱ्या सदऱ्यावर ठिगळ लावावं. गुरुवारच्या आत हे उतरवा, एवढंच म्हणाले. मंगळवार गेला. बुधवार गेला. तिनं वरच्या फळ्यांवर रोज हात ठेवून बघितला. आता तो ठेवता येत होता.

गुरुवारी अकराला साहेब पाहुण्यांच्या पुढे घाईघाईनं आत आले. पडदे होते तिथेच होते, लाल शिवणीसकट.

"मी उतरवायला सांगितलं होतं."

"मी उतरवणार नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण सर्व्हरच्या घुमणीवर तो ऐकू गेला. "तुम्ही उतरवा. शिडी तिथे आहे."

तेवढ्यात दार उघडलं आणि पाच-सहा पाहुणे आत आले. सज्ज्यात उभे राहिले आणि एकमेकांकडे बघू लागले. त्यांतले एक गृहस्थ खांद्यावर शाल टाकून आले होते. त्यांनी ती काढून हातावर घेतली. थंडी कुठे गेली, असं त्यांनी हसत विचारलं. साहेबांनी तोंड उघडलं, पण उत्तर मिस्तरणीनं दिलं.

"जिथे लागते तिथे गेली."

आणि तिनं भिंतीवरचा फलक उघडून चौथ्या चिलरची किल्ली फिरवली, काढली आणि मुठीत धरली. गच्चीवरची एक घरघर थांबली. साहेबांनी हात पुढे केला. ती मागे सरली नाही आणि मूठही उघडली नाही.

"पंचवीसच्या पुढे पारा गेला तर किल्ली तुमची आणि माझी नोकरीही तुमची. तोवर कुणी हात लावायचा नाही."

भिंतीवरच्या तापमापकावर आकडा होता, बावीस. सगळे तिकडे बघू लागले. दहा मिनिटांनी तेवीस झाला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. या दालनात घाम आलेला पहिला माणूस. चोवीस झाला. काका दाराशी ओठ हलवत उभे होते. मिस्तरणीला मुठीतली किल्ली गरम लागत होती. पहाटेचा नळ, त्याचं ते खाकरणं, तिला त्या घुमणीतही ऐकू येत होतं. चोवीस पूर्णांक चार. चोवीस पूर्णांक पाच. मग पाचवरच. पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. अर्धा तास. गल्लीतले लाल दोरे सगळे एकाच दिशेला, सर्व्हरकडे, शांत वाहत होते.

पाणी कचेरीच्या बाईंच्या हातात ते पत्र आल्याआल्याच दिलं गेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पत्राकडे बघितलं, फलकावरच्या चौथ्या चिलरच्या विझलेल्या दिव्याकडे बघितलं.

"तीनवर भागतंय," त्या साहेबांना म्हणाल्या. "मग पाचव्यासाठी पाणी कशाला मागताय?"

बाईंनी पत्राची घडी केली आणि त्यांच्या हातात परत दिली.

पाहुणे गेल्यावर साहेब लाल शिवणीच्या पडद्यांसमोर येऊन उभे राहिले. हे तुम्हाला जड जाईल, असं ते म्हणाले. जाऊ दे, असं ती म्हणाली. त्यांनी हात मागे बांधले, दोन पावलं चालले, वळले.

"पडदे राहू देत. पण तो लाल दोरा बरा दिसत नाही. पांढऱ्यानं शिवून घ्या."

मिस्तरणीनं किल्ली खिशात टाकली, तिथे रीळ होतं त्याच्या शेजारी.

"लालच राहील, साहेब," ती म्हणाली, आणि वरच्या फळीवर हात ठेवायला शिडी चढली.