वन्संची तपासणी

सकाळी दहा वाजता पिवळं विमान धावपट्टीच्या तोंडापर्यंत गेलं आणि न उडताच परत आलं. उड्डाणशाळेच्या मास्तरांनी ते हँगरसमोर उभं केलं, इंजिन बंद केलं आणि दारात उभ्या असलेल्या दुरुस्ती-कारागिराला बोटानेच जवळ बोलावलं.

"डाव्या पंखाकडे बघा."

मास्तरांनी कॉकपिटमधली दांडी डावीकडे कलवली. पंखाच्या मागच्या कडेची पट्टी वर उचलली जायला हवी होती. ती खाली झुकली. दांडी उजवीकडे नेली, तशी वर आली. असं विमान डावीकडे वळवायला जावं तर उजवीकडे कलंडतं, आणि जमीन नुकती सुटलेली असताना वैमानिकाला ते उमगायला सवड मिळत नाही.

तो बघत राहिला. पंखातल्या तारा बायकोने बदलल्या होत्या. पाठीवर पडून काम करताना टोकांची अदलाबदल झाली होती. पण काल ते काम तपासून बरोबर म्हणणारा तो स्वतः होता.

"निघण्याआधी हलवून बघायची सवय आहे म्हणून निभावलं," मास्तर खाली उतरत म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "दुरुस्त करा. पण तपासणी कालच्यासारखीच होणार असेल, तर शाळेची विमानं मला दुसरीकडे न्यावी लागतील."

शाळेची विमानं गेली असती तर हँगरमध्ये चिमण्यांखेरीज कुणी उरलं नसतं. विमानदुरुस्तीचा हा कारखाना नवराबायकोचा, दोघांचाच. एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासायचं असा नियम होता, आणि लग्नापासून तो गुण्यागोविंदाने पाळला गेला होता.

बायकोने पंखाखालचं झाकण उघडून हात आत घातले. तो शेजारी उभा राहून चिंधीने बोटं पुसू लागला. बोटं स्वच्छच होती.

"काल मी कॉकपिटमधून दांडी डावीकडे नेली आणि विचारलं, डावी? तू म्हणालास, वर."

"म्हणालो."

"बघितलं होतंस?"

"तिथेच तर उभा होतो. पट्टीकडेच तोंड होतं माझं."

"तोंडाचं नाही विचारलं."

त्याने चिंधीची घडी घातली, मग मोडली.

"तू डावी म्हणालीस की मला वर ऐकू येतं," तो म्हणाला. "बघायचं राहूनच जातं."

ती हसली. "मी उलटं जोडणारी, तू न बघणारा. आईबाबांनी पत्रिका उगाच नाही जुळवली."

"आता परत तपासतो. डोळ्यांत तेल घालून."

"नको. तेल घालूनही तुला माझं बरोबरच दिसेल." तिने तारांची टोकं जागच्या जागी जोडून हात बाहेर काढले. "तुझा माझ्यावर फार विश्वास आहे रे. घरी असू दे तो. इथे अडचण होते."

ही तक्रार की कौतुक, हे त्याला ठरवता येईना. "मग तपासणार कोण?"

"वन्संना बोलावते."

त्याची मोठी बहीण विमान कंपनीच्या मोठ्या हँगरमधून मागच्याच वर्षी निवृत्त झाली होती. तपासणीचा परवाना चालू होता, जीभही. पडद्यांच्या रंगापासून मुलीच्या नावापर्यंत भावजयीची एकही निवड तिने आजवर नावाजली नव्हती.

"ताई? अगं, खुसपट काढल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही."

"म्हणून तर," बायको म्हणाली आणि तिने फोन उचलला.

साडेअकराला ताई आली. अंगात जुना डगला, चष्मा दोरीला लटकलेला.

"वन्सं, चहा टाकू?"

"आधी काम. तुमच्याकडचा चहा म्हणजे गरम पाणी." तिने विमानाभोवती एक फेरी मारली. "अगं, बस आत. दांडी हवी तिकडे हलव, पण कुठे ते बोलायचं नाही. मला दिसेल ते मी सांगेन, मग तू तुझं सांग. आणि तू रे, तोंड मिटून उभा राहा."

तो तोंड मिटून उभा राहिला. ताई डाव्या पंखामागे वाकली.

"वर."

"डावीकडे नेली," आतून उत्तर आलं.

"खाली."

"उजवीकडे."

मग बराच वेळ काहीच झालं नाही. ताईने चष्मा नाकावर बसवला, एक गुडघा टेकला आणि पट्टीकडे टक लावून बघितलं. त्याच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"काही हललेलं नाही," ताई म्हणाली.

"मी हलवलीच नाही, वन्सं."

ताईने मान वर केली. कॉकपिटच्या कडेवरून भावजय तिच्याकडे बघत होती. दोघींपैकी कुणीच हसलं नाही, पण ताईने डगल्याची बाही जरा वर सारली, जशी ती एखाद्या कामात जीव रमला की सारायची.

"बरं सुचलं हो तुला," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्याने हे वाक्य ऐकलं नव्हतं. बायकोनेही नसावं, कारण ती लगेच खाली बघून दांडीवरची नसलेली धूळ पुसू लागली.

पुढच्या खेपेला ताईने तिला पाय आखडले असतील तर उतर, असंही सुचवलं. ती उतरली नाही. डावा पंख संपला, तशी ताई उजव्या पंखाकडे गेली आणि खालच्या झाकणाला बोट लावून थांबली.

"हे कुणी बसवलं?"

बायकोने कॉकपिटमधून मान बाहेर काढली.

"मी," तो म्हणाला.

"आतलं काम?"

"तेही मीच. परवा."

"तपासलं कुणी?"

त्याने कॉकपिटकडे बघितलं. बायको हनुवटी तळहातावर टेकवून बघत होती. आत्ता कुठे तिला मजा येऊ लागली होती.

"मी," ती म्हणाली. "यांचं काम काय बघायचं, चोखच असतं."

"हं," ताई म्हणाली. "काढ."

तो स्क्रूड्रायव्हर आणायला गेला. एरवी त्याला राग आला असता, पण पावलं हलकी पडत होती.

साडेबाराला झाकण निघालं. मास्तरांचा फोन येऊन गेला होता. तपासणी चालू आहे, एवढंच बायकोने त्यांना सांगितलं. ताईने टॉर्च पेटवला आणि खांद्यापर्यंत पंखात शिरली. या वेळी दोघंही तिच्यामागे वाकून बघू लागली.