पूजलेली काठवट

मित्रांनो, तळ्याच्या पायरीला टेकून, सडक्या हारांच्या शेजारी पडलेलं लाकडी भांडं दिसतंय ना, ते मीच. मी एक जुनी काठवट आहे. माझ्यात पीठ मळायचं आणि भाकऱ्या थापायच्या, एवढंच माझं शिक्षण.

मोहोळच्या सुताराने मला बाभळीच्या एका ओंडक्यातून कोरलं आणि निंगव्वाच्या लग्नात मी तिच्याबरोबर सोलापूरला आले. ती गिरणी कामगारांना भाकऱ्या पुरवी. पहाटेच्या भोंग्याआधी ती माझ्यात पीठ घेई. दुष्काळात लाल मिलोचं, म्हणजे परदेशी ज्वारीचं, पीठ आलं. भाकरी फुटे त्याची, शिव्या बसत मला. तिच्या तळव्याने माझ्या मधोमध एक खळगा पडला होता. दुसऱ्या कुणाचा हात तिथे बसत नसे.

तिची लेक महादेवी चित्रकला शिकू लागली. तिच्या वर्गाने ठरवलं, सात रस्ता चौकात आठ दिवस 'रोजचं जगणं' मांडायचं. बांबू, गवत आणि गोणपाटाची, भाकरी थापणारी बाई.

"अव्वा, काठवट दे की. आठ दिवसांत आणते."

"आणि मी भाकरी कुटं थापू? तुझ्या पाठीवर?" असं म्हणत निंगव्वाने मला घासून-पुसून दिलं आणि शेजारणीची पत्र्याची परात मागून आणली.

वर्गातल्या सोमलिंगने बांबू बांधले, मुलींनी गवत भरलं, इरकल लुगडं नेसवलं. बाईच्या पुढ्यात मी. टांगेवाले थांबून म्हणत, "आमची म्हातारी अशीच बसती की!" इतकी वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी जरा फुगले.

मग फुलवाल्या शिवबाईने बाईला निरखलं. "बाईमाणूस हाय. मोकळ्या कपाळानं बसवलंय व्हय रं?" तिने कुंकू लावलं. मुलं हसली. कुंकू पाहून कुणी नारळ फोडला, नारळ पाहून कुणी आरती ओवाळली. गर्दी वाढली, तसं मुलांना वाटलं, सोलापूरला अखेर कला कळली.

मुदत संपली. सोमलिंग दोर सोडू लागला, तर लोक धावले. "पूजलेली बाई मोडता व्हय?"

महादेवीने मला छातीशी धरलं. "मावशी, ही आमच्या अव्वाची हाय. भाकरीला लागती."

"आता कसली भाकरी? देवीची हाय ती!" शिवबाईने मला अगदी हळुवार काढून घेतलं. तिच्या मनात पाप नव्हतं, म्हणून तर कुणाला भांडता येईना.

वाजतगाजत आम्हाला तळ्यात सोडलं. गवताची बाई बुडाली. बाभळीला ते जमलं नाही. मी तरंगत पायरीला लागले.

सकाळी निंगव्वा आली. मला ओळखून ती खाली वाकली. तिचा तळवा त्या खळग्यात बसला. मला वाटलं, चला, घरी.

"अव्वा, घे की. कोण बघतंय?" महादेवी रडत होती.

निंगव्वाने हात काढून घेतला. "पाण्यात सोडलेलं घरात आणत नसत्यात, पोरी."

मग तिने मला हात जोडले. जन्मभर थापट्या मारणारे ते हात. इतकं तर मला कुऱ्हाडीनेही लागलं नव्हतं.

मित्रांनो, कुठल्याही वस्तूला नमस्कार करण्याआधी एवढंच बघा, तिचं काम संपलंय का. माझं संपलं नव्हतं. भोंगा होण्याआधी मला अजून जाग येते, आणि मी पिठाची वाट पाहते.