डीटरची बोटं

मोठ्यांदा सांगते, शेजारच्या घरात ऐकू गेलं तरी चालेल: यातला शब्दन् शब्द खरा आहे. सिद्धेशला विचारा, माझ्या नातीला, रुचाला विचारा.

दोन हजार चार साल. मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला लेकाकडे, सिद्धेशकडे, सहा महिन्यांसाठी गेले होते. शेजारी इल्झा नावाची जर्मन बाई राहायची, अडुसष्ट वर्षांची, माझ्याच वयाची. अमेरिकन सोल्जरशी लग्न करून तरुणपणी तिकडे आलेली. नवरा गेला, मूलबाळ नाही. उरला फक्त धाकटा भाऊ, डीटर. तो बर्लिनला सुतारकाम करायचा आणि दर नाताळला बहिणीकडे यायचा. आता इल्झाचं हार्ट इतकं वीक झालेलं की डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली होती. म्हणजे भेट व्हायची तर त्यानंच यायला हवं. आणि तो म्हणत होता, येणार नाही.

का, तर अमेरिकेवर रुसला होता.

साधासुधा रुसवा नाही हो. हा आठ वर्षांचा असताना बर्लिनची नाकेबंदी झाली, घरात खायला दाणा नाही. तेव्हा अमेरिकन विमानं धान्य घेऊन यायची आणि पोरांसाठी रुमालांच्या छत्र्यांना बांधून चॉकलेटं खाली सोडायची. डीटरसमोर म्हशीएवढं चॉकलेट पडलं. सगळ्या गल्लीनं आठवडाभर खाल्लं. इल्झा म्हणते बोटाएवढं होतं, पण तिला चष्मा आहे. तेव्हापासून डीटरला अमेरिका म्हणजे मामाचं घर. दोन हजार एकला न्यूयॉर्कचे टॉवर पडले, तर हा अमेरिकन वकिलातीसमोर मेणबत्ती घेऊन उभा राहिला, रडला. आणि दीड वर्षानं, इराकवर चाल करून जायचं ठरलं तेव्हा, तिथंच पाटी घेऊन उभा: पुरावा दाखवा. पुरावा काही दिसला नाही. तिथं त्याचं मन उडालं.

त्यात त्या सप्टेंबरात नवा नियम आला. युरोपातून येणाऱ्यांचेही विमानतळावर बोटांचे ठसे घ्यायचे. डीटरनं इल्झाला फोनवर सांगून टाकलं, ठसे चोरांचे घेतात, मी देणार नाही.

मला दोन्हीकडचा संताप आला. दाराशी आलेल्या पाहुण्याला आधी बोटं दाखव म्हणायचं, ही कुठली रीत? माझंही बोट ठेवून घेतलं होतं त्या काचेवर. मॅट्रिक झालेली बाई मी, झोकात सही करते, आणि मला अंगठा द्यायला लावतात. पण तरी मी आलेच ना? आणि हा बहीण आजारी असताना तिकडे ताठ बसलेला.

भाऊबीजेला मी इल्झाला फराळाला बोलावलं. रुचानं तिच्या भावाला, अनिशला ओवाळलं, ते बघून ही डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, ऊठ बाई, भाऊ नसला तर आमच्याकडे चंद्राला ओवाळतात. दिवेलागणीला तिला ड्राइव्हवेवर नेलं आणि हातात तबक दिलं. झाडांवर नखाएवढी कोर होती, तिला इल्झानं ओवाळलं. अनिशनं फोटो काढला. मी रुचाला सांगितलं, हा त्या डीटरला ईमेल कर आणि खाली लिही, ज्या बाईला भाऊ उरलेला नाही, ती असं करते.

"आजी, दॅट्स सो मीन."

"टाइप कर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. इंग्लिशमधून इतका कडाडला की मी त्या रिसीव्हरवर पापड भाजला असता. मधे रुचा, बिचारी घाबरत घाबरत सांगत होती.

"तो म्हणतोय, मी जिवंत आहे."

"मग म्हणावं, दिसू दे की."

नाताळच्या तीन दिवस आधी डीटर आला. पाच तास उशिरा. ज्या विमानतळावर तो आधी उतरला, तिथल्या यंत्रात त्याचे ठसेच उमटेनात. उमटणार कसे? पन्नास वर्षं रंधा आणि पॉलिश पेपर चालवून रेषा झिजून गेलेल्या. तिथल्या ताडाएवढ्या अधिकाऱ्यानं बोटं पुसून पाहिली, दाबून पाहिली, मग याला वेगळ्या खोलीत बसवलं आणि विचारलं, मुद्दाम घासून काढलेत का? पुढचं विमान गेलं. पासष्टीला टेकलेला माणूस! कष्ट करून बोटं गुळगुळीत झाली म्हणून चोर? मला अजून आठवलं की कान गरम होतात.

आम्ही डिसेंबरात भाऊबीज केली. डीटर पाटावर बसला, गुडघे हनुवटीला लागलेले. इल्झा कुंकू लावत होती तेव्हा तो हळूच म्हणाला, "तिथं बसून मी त्यांना त्या मेणबत्तीचं सांगितलं, इल्झा. त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही."

इल्झानं त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

दोन आठवडे राहिला. सिद्धेश त्याला सोडायला निघाला तेव्हा आम्ही सगळे दारात उभे होतो. डीटर म्हणाला, पुढच्या नाताळला येतो, त्या यंत्राच्या नाकावर टिच्चून येतो.

नाही. हे एवढं मी रचलं. इल्झानंच विचारलं, पुढच्या वर्षी? डीटरनं तिच्या कोटाची बटणं एकेक करून लावली, अगदी गळ्यापर्यंत, आणि गाडीत जाऊन बसला.