कोल्ड एजची पाटी

दोनशे किलोमीटर सायकल चालवून आलेल्या पुरुषाचे मोजे हीटरवर वाळत घातले की जो वास सुटतो, त्याला चांगल्या घरात नाव नाही. त्या संध्याकाळी चॅपलच्या हॉलमध्ये असे नऊ जोड ओळीने वाळत होते. त्यात अंड्याच्या सँडविचचा वास, ओल्या लोकरीचा वास आणि गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा वास. मी दाराजवळच्या टेबलावर शिक्का घेऊन बसले होते आणि तोंडाने श्वास घेत होते.

आमच्या सायकल क्लबची पाच माळरानांची फेरी दर मे महिन्यात असते. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. मध्ये चढच चढ आणि वाऱ्यापावसात उभी असलेली, तुमच्याकडे तुच्छतेने बघणारी मेंढरं. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं. वाटेतल्या चहाच्या दुकानांत त्यावर शिक्का मारून घ्यायचा. जिथे शिक्का मारायला माणूस नाही, तिथे कार्डावर एक प्रश्न छापलेला असतो. तिथली काहीतरी खूण बघायची आणि उत्तर लिहायचं. उत्तर बरोबर, म्हणजे तुम्ही तिथवर गेला होता.

असा प्रश्न आमच्या फेरीत एकच, कोल्ड एजच्या माथ्यावरचा. रेव्हनबेक गावातून एक अरुंद रस्ता भिंतीसारखा वर चढतो, माथ्यावरच्या एकुलत्या एका शेतावरून जातो आणि दोन मैल पुढे पुन्हा खालच्या सरळ रस्त्याला येऊन मिळतो. ज्याला फसवायचंच आहे त्याने खालूनच जावं, कोण बघतंय? म्हणून प्रश्न: ‘शेताच्या फाटकावरच्या पाटीनुसार काय विकायला आहे?’ ही फेरी आखणाऱ्या डेस्मंड एअरीने पहिल्या वर्षी हा प्रश्न घातला आणि पुढे कधी बदलला नाही. उत्तर अख्ख्या क्लबला पाठ होतं. अंडी.

डेस्मंड आमचा अध्यक्ष. वय शहात्तर, पोटऱ्या अजून दगडासारख्या आणि बोलणंही तसंच. हॉलच्या भिंतीवर ओकच्या लाकडाचा एक फलक आहे. एकही वर्ष न चुकवता पंचवीस वर्षं फेरी पुरी करणाऱ्याचं नाव पितळी पट्टीवर कोरून तिथे लावतात. तेव्हा अकरा नावं होती, पहिलं डेस्मंडचं, आणि सगळे पुरुष. बारावं माझं लागणार होतं. हेझल थॅकरे. फेरीच्या दिवशी शिक्क्याला बसणाऱ्या मदतनिसाने आदल्या रविवारी एकट्याने फेरी मारून घ्यायची अशी आमची रीत आहे, त्यामुळे माझं पंचविसावं कार्ड आधीच डब्यात पडलं होतं. मला त्या भिंतीवर माझं नाव हवं होतं. नवरा गेल्यापासून दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं मला आठवत नाही.

नऊ जण आले होते. नऊही कार्डांवर ‘अंडी’. राहिली होती लोर्ना पील.

लोर्ना मासे आणि बटाटे तळायच्या दुकानात काम करायची. क्लबात येऊन तिला दुसरंच वर्ष होतं आणि ही फेरी तर पहिलीच. सायकल जुनी, लोखंडी, मागे कॅरिअर लावलेली. चढ आला की ती सरळ उतरायची आणि ढकलत न्यायची. आमच्याकडे उतरून ढकलणं म्हणजे चारचौघांत चड्डी सोडण्यासारखं समजतात. तिच्यामागे सायकल चालवली की भूक लागते, असा एक विनोद क्लबात फिरत होता. मीही त्याला हसले होते.

सात वाजून एकवीस मिनिटांनी ती आली. गुडघ्यांपर्यंत चिखल, केसांत शेणाचे शिंतोडे, नाक वाहतंय. मंडळींनी लहान मुलासाठी वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. तिने कार्ड माझ्यापुढे ठेवलं. ते ओलं होतं आणि त्याला गोठ्याचा वास येत होता. मी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून वाचलं. कोल्ड एजच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘घोड्याची लीद, पोत्याने’.

मला खरोखर शिसारी आली. चढवत नाही तर नाही, पण उत्तर ठोकून द्यायचं, तेही असलं घाणेरडं? मी सगळ्यांसमोर तिला विचारलं की तू वर गेलीच नाहीस ना? ती म्हणाली, गेले की. मी म्हटलं, मी पंचवीस वर्षं हा रस्ता ओळखते, तू खोटारडी आहेस. हाच शब्द वापरला. डेस्मंड सँडविच चावत आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला की चढ झेपला नाही हे सांगण्यात कसली लाज, लाज खोटं बोलण्यात असते. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

लोर्ना कानांपर्यंत लाल झाली. तिने खिशातून फोन काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. फोटोत तिची सायकल फाटकाला टेकलेली होती. फाटकावर पाटी होती, तीच, हिरव्या काठाची. मागे दोन तट्टं उभी होती. आणि पाटीवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत, घोड्याची लीद, पोत्याने.

“तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं,” लोर्ना म्हणाली. “मी विचारलं, अंडी नाहीत का? क्लबात सगळे म्हणतात ना. तर म्हणाल्या, कोल्ह्याने कोंबड्या नेल्या त्याला तीन वर्षं झाली. म्हणाल्या, पूर्वी मे महिन्यात सायकलवाले यायचे, हल्ली कुणी फिरकत नाही.”

तिने हे साधेपणाने सांगितलं. आपण काय बोलतोय हे तिच्या लक्षातही आलं नसावं. मग हात धुवायला ती मागच्या नळाकडे गेली.

हॉलमध्ये नऊ मोठी माणसं आपापल्या कपात बघत होती. रेव्हनबेकच्या पुढे दोन्ही रस्ते मिळतात तिथल्या चहाच्या दुकानात आम्ही सगळे एकमेकांना भेटायचो, दरवर्षी. जो तो आत येऊन धापा टाकत खुर्चीत पडायचा, केकवर चीजचा तुकडा ठेवून खायचा आणि म्हणायचा, काय वारा होता वर! कुणाच्या कपाळावर घाम नसायचा. आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

हो, आम्ही. आदल्या रविवारी मी रेव्हनबेकच्या त्या चढाच्या पायथ्याशी उभी होते. पाऊस होता. शेणखताचा टँकर नुकताच वर गेला होता आणि अर्धं शेण रस्त्यावर सांडून गेला होता. गुडघा दुखत होता. मी स्वतःला म्हटलं, बाई, वर काय आहे ते तुला ठाऊक आहे, इतक्या वेळा पाहिलंयस. आणि तिथेच उभ्या उभ्या, हँडलवर कार्ड ठेवून, ‘अंडी’ लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षीही तेच, त्याच्याही आदल्या वर्षी तेच. तेव्हा तर गुडघासुद्धा दुखत नव्हता.

डेस्मंड खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

“दोन्ही उत्तरं बरोबर धर,” तो हळूच म्हणाला. “धुकं होतं, कुणाला जुनं दिसलं, कुणाला नवं. पोरीला तिचा शिक्का दे, ती खूश. पुढच्या वर्षी प्रश्न बदलू.”

“धुकं नव्हतं, डेस्मंड.”

“तुझी पट्टी कोरून आलीय, हेझल. माझ्या गाडीत आहे. आणू का आत?”

असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. बोटांना अंड्याचं सारण लागलेलं होतं, ते माझ्या स्वेटरला लागलं. आणि मी सांगते, त्या क्षणी माझी मान होकारार्थी हलली. पट्टी कशी दिसत असेल, अक्षरं मोठी असतील की बारीक, हे माझ्या मनात आलं. त्या माणसाची किळस आली होती तेव्हा मी शाबूत होते. स्वतःची आली तेव्हा मला वाटलं की आता इथेच टेबलावर ओकणार.

मी डबा ओढला. सगळ्यांत तळाचं कार्ड माझं होतं. त्यावर आडवी रेघ मारली आणि ‘नामंजूर’ लिहिलं. मग उरलेल्या नऊ कार्डांवर, एकेक करून. डेस्मंड उठून उभा राहिला. तो म्हणाला की तुला वेड लागलंय, क्लब मोडशील. मी म्हटलं, मग मोडू दे. त्याने आपले मोजे हीटरवरून ओढून घेतले. त्याच्यामागून बाकीच्यांनीही घेतले. दाराशी थोडी चेंगराचेंगरी झाली, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. गाड्यांचे आवाज एकामागून एक खाली गेले.

लोर्ना हात पुसत परत आली तेव्हा हॉल रिकामा होता. मी तिच्या कार्डावर शिक्का मारला, वेळ लिहिली, सही केली. त्या वर्षी फेरी पुरी करणारी ती एकटीच होती, तसं मी तिला सांगितलं. तिने टेबलावरची बाकीची कार्डं पाहिली. त्यांतलं माझं उचलून नाव वाचलं, खालचं उत्तर वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळभर मी ज्या नजरेने त्या मोज्यांकडे पाहत होते, तशीच तिची नजर होती.

“तुम्ही स्वतः वर गेला नव्हता,” ती म्हणाली. “मग सगळ्यांसमोर मला खोटारडी का म्हणालात, बाई?”

“मला वाटलं, तूही आमच्यासारखीच असशील.”

तिने कार्ड काळजीपूर्वक दुमडून खिशात घातलं. मी चहा विचारला, तर नको म्हणाली.