डावीकडचे भोवरे

मित्रांनो, त्या खोलीत सहा मीटर लांबीची एक काचेची पन्हळ होती, दोन पंप, शाईच्या तीन बाटल्या, एक स्टॉपवॉच, एक वही आणि सात दांडे. सहा दांडे प्लास्टिकचे. सातवा मी, दोन सेंटिमीटर जाडीचा, भरीव पितळेचा. आता मी जुना झालो आहे आणि खणात पडून असतो.

मला प्रयोगशाळेच्या मिस्त्रीने लेथवर घडवलं. कुठे खरखर राहिली का, हे त्याने मला स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिलं.

माझं काम सोपं होतं. वाहत्या पाण्यात उभं राहायचं, हलायचं नाही. पाणी कपाळावर आदळे, दोन्ही कुशींवरून पुढे जाई आणि माझ्या पाठीमागे त्याचे भोवरे होत. एक डावीकडून सुटे, मग एक उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. भोवरा सुटला की मला बाजूला ओढ बसे, एकदा या कुशीला, एकदा त्या. दोन ओढी मिळून एक हिसका पुरा होई. हे मला अंगात कळे, पण सांगता येत नसे.

मिस्त्री पाण्यात शाई सोडून भोवरे मोजी. प्रयोगशाळा चालवणाऱ्या जुन्या सरांनी त्याला सांगितलं होतं, "डावीकडचेच मोज." का, ते त्याने विचारलं नाही. बावीस वर्षं त्याने डावीकडचेच मोजले. पाहुणे आले की सर म्हणत, "आमच्या मिस्त्रीचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ते ऐकून मीही थोडा जास्त चकाकत असेन.

सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक ताई आल्या, हुशार आणि कामसू. त्याच सुमारास मिस्त्रीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला.

मग एका कारखान्याने विचारणा केली. त्यांची उंच लोखंडी चिमणी वादळात ताठ उभी राही आणि एखाद्या साध्या वाऱ्यात मात्र डुले. तिच्यामागेही वाऱ्याचे भोवरे सुटत, वारा वाढला की त्यांचे हिसके वाढत, आणि ते तिच्या स्वतःच्या डुलण्याच्या ठेक्याशी जुळले की ती डुलू लागे. नेमक्या किती वाऱ्यात? ते कळलं की तेवढ्या वाऱ्यात कोणाला वर चढवायचं नव्हतं. चिमणी रंगवणारा रंगारी मिस्त्रीचा धाकटा भाऊ होता. तो एकदा येऊन मला हातात धरून हसला. "दादा, हा एवढासा दांडा मला सांगणार होय, कधी चढायचं ते?"

"तो कसला सांगतोय! मी सांगतोय. कागद वाच आणि मगच चढ."

मिस्त्रीने मोजले, मिनिटात पंचवीस. ताईंनी मोजले, पन्नास.

"काका, उजवीकडचे सगळे मोजायचे राहिले तुमचे."

"मी डावीकडचेच मोजतो, ताई. पहिल्यापासून."

"पण का?"

"सर म्हणाले होते."

"का म्हणाले होते?"

मिस्त्री कसंनुसं हसला. "उजवा डोळा संपावर गेलाय खरा. बायकोसुद्धा म्हणते, तुम्हाला ताट अर्धंच दिसतं."

"ऑपरेशन करून घ्या, काका. अंगावर काढू नका," ताई मायेने म्हणाल्या. पुस्तकातलं उत्तर मिस्त्रीच्या पंचविसाशी जुळत होतं. पण आपली पन्हळ अरुंद आहे, म्हणून फरक पडत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

वहीतल्या रकान्यावर नुसतं 'भोवरे' असं लिहिलेलं होतं. मिस्त्रीने आपल्या हाताने पंचवीस खोडलं आणि पन्नास लिहिलं.

आकडा दुप्पट झाला, म्हणून चिमणीचा ठेका निम्म्याच वाऱ्यात जुळेल असं निघालं. कारखान्याला कागद गेला: वारा सेकंदाला तीन मीटरच्या आसपास असेल तर चढू नये, पाच ते आठ असेल तर हरकत नाही.

त्या सकाळी वारा सहा मीटर होता. धाकट्याने कागद वाचला आणि मगच तो चढला. चिमणी वाऱ्याच्या दिशेने नाही, वाऱ्याला आडवी डुलू लागली. दोर सुटला. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही.

मित्रांनो, मला खणात ठेवलंत याचं दुःख नाही. पण कोणी काही मोजत असेल, तर त्याचं 'एक' म्हणजे काय, हे त्याला विचारा आणि त्याला उत्तर सापडेपर्यंत थांबा. तुम्ही स्वतः मोजत असाल, तर शिकवणारा समोर असतानाच 'का' हे विचारून घ्या.

त्यानंतर मी एकदाच पाण्यात उभा राहिलो. दोन आठवड्यांनी मिस्त्री आला. ताईंना त्याच्याकडे बघवेना.

"याला जरा सैल सोडा, ताई," तो म्हणाला. "हा स्वतः किती वेळा हलतो ते बघू."

त्यांनी मला पातळ पोलादी पट्टीला टांगलं आणि माझ्या डोक्यावर आरशाचा तुकडा चिकटवला. दिव्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर डावी-उजवीकडे हलू लागला. तो एकदा जाऊन परत आला की मिस्त्री एक झोका मोजी. भोवरे ताईंनी मोजले, दोन्ही बाजूंचे, वेगवेगळे.

साठ सेकंद. डावे भोवरे पंचवीस, उजवे भोवरे पंचवीस, कवडशाचे झोके पंचवीस.