शेवटी निघणाऱ्याचा नियम

माझा मोठा भाऊ कुणाकडे काही मागत नाही. हे मी कौतुकाने सांगतेय असं समजू नका. त्याच्या या न मागण्यापायी मी बरीच वर्षं कपाळाला हात लावून बसलेली बाई आहे.

एकदा विजेच्या कचेरीने चुकून त्याची जोडणी तोडली. चूक त्यांची, पण खेटे घालायचे याने. या खिडकीवरून त्या खिडकीवर. साहेब जेवायला गेलेत, साहेब अजून जेवतायत. शेवटी दादाने डोक्यात राख घालून घेतली आणि वीज, नळ, गॅस, सगळ्यांशी एकदमच काडीमोड घेतला. गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर जमिनीचा तुकडा होता, तिथे स्वतःच्या हातांनी घर बांधलं. छपरावर सौर पॅनेल, कोपऱ्यातल्या फडताळात बॅटऱ्या, झऱ्यावरून आणलेली नळी, पावसाच्या पाण्याची टाकी, लाकडाची चूल, आणि ज्याच्याबद्दल पाहुण्यांनी जेवताना विचारू नये असा भुशाचा संडास. आपला हात जगन्नाथ! वहिनी आधीच आजारपणात गेली होती. त्याच्याबरोबर वर गेली ती त्याची एकुलती एक लेक. नुकती चालायला लागली होती आणि एका जागी म्हणून थांबत नव्हती. मी तिला भिंगरी म्हणायचे, तेच नाव पडलं.

मी खाली गावात लॉन्ड्री चालवते. माझी इस्त्री दोन-चार शर्टांना जेवढी वीज खाते तेवढ्यात त्याचं घर अख्खा दिवस चालतं, असं दादा म्हणतो. दुकानात आला की तिच्याकडे असा बघतो, जणू मी मगर पाळलीय.

त्याच्या घरात नियम फार. ढग आले की मिक्सर नाही, चटणी पाट्यावर. आंघोळीचं पाणी झाडाला गेलंच पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम: घरातून जो शेवटी निघेल त्याने मुख्य खटका खाली ओढायचा. घरात कुणी नसलं तरी इन्व्हर्टर बॅटरी पीत राहतो, आणि एक दिवस चोरून प्यायला की पुढची रात्र अंधारात. भिंगरीचा हात खटक्याला पुरायला लागला तेव्हापासून ते काम तिचं. खांद्यावर पिशवी, पायात चपला, हात वर, खट्. नंतर नंतर ती खटक्याकडे बघायचीसुद्धा नाही.

मोठी झाल्यावर तिने खालच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनिसाचं काम धरलं आणि माझ्याकडे राहायला आली. दादाने अडवलं नाही. "करून बघ," एवढंच म्हणाला. पोरगी लवकरच परत येईल, याची त्याला खात्रीच होती.

पण पोरगी रमली. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता मला सांगायची, आज कुठल्या गायीचं वासरू आडवं आलं, कुठल्या कुत्र्याने डॉक्टरीणबाईंच्या चपलेचा फडशा पाडला. अंगाला औषधाचा आणि शेणाचा वास यायचा, आणि चेहरा असा खुललेला की मी नाक दाबायचंही विसरून जायचे. डॉक्टरीणबाई कडक होत्या, कौतुक करायच्या नाहीत, पण हळूहळू सुया तिच्या हातात द्यायला लागल्या होत्या.

मग तो शनिवार आला. सोमवारी सकाळी लसीकरण होतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या गायी-शेळ्या यायच्या होत्या, आणि फ्रिज लसींच्या कुप्यांनी भरला होता. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना एका अडलेल्या म्हशीसाठी घाईने जावं लागलं. निघताना त्यांनी किल्ली भिंगरीकडे फेकली आणि म्हणाल्या, "कुलूप तू लाव." पहिल्यांदाच. किल्ली घेऊन पोर घरी आली ती नाचतच.

सोमवारी दार उघडलं तर फ्रिजखाली पाण्याचं तळं. शेवटी निघताना तिने खांद्याला पिशवी लावली होती, चपला घातल्या होत्या, आणि हात वर, दाराजवळच्या मुख्य खटक्याकडे गेला होता. तिला आठवतही नव्हतं. फ्रिजमध्ये काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं हो. हाताला ठाऊक नव्हतं.

लस एकदा गरम झाली की तिच्यात आणि पाण्यात फरक नाही. अंगणात जनावरं घेऊन माणसं उभी होती, काही पहाटेपासून चालत आलेली. डॉक्टरीणबाईंनी कपाट धाडकन बंद केलं आणि म्हणाल्या, "बाहेर जाऊन तूच सांग. आणि मग घरी जा, परत येऊ नकोस."

दादा सोमवारीच खाली उतरतो. मध आणि भाजी देऊन मीठ, तेल, खिळे घेऊन जातो. संध्याकाळी माझ्या दुकानात आला तेव्हा भिंगरी इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती, डोळे सुजलेले. मी झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उजळला. अगदी क्षणभर, पण मी त्याची बहीण आहे, मला दिसलं. हातातली इस्त्री त्याला फेकून मारावीशी वाटली मला.

"मग झालं तर," तो म्हणाला. "आवर. उजेड आहे तोवर वर पोचू."

"लेकीचं नाक कापलं गेलंय आणि तू आवर म्हणतोस?" मी म्हटलं.

"कुणाचं नाक? या लोकांचं एक तार तुटली की सगळं सडतं. आपल्याकडे फ्रिजच नाही, तर बिघडणार काय? वर तिला कुणी बोलणार नाही."

"तेच तर, बाबा," भिंगरी म्हणाली. आवाज बसला होता तिचा. "वर माझं काही चुकलं तर आपण दोघं अंधारात बसतो आणि हसतो. इथे मी सांगायला बाहेर गेले ना, तर एक म्हातारी शेळी घेऊन पहाटेपासून बसलेली. मला वाटलं शिव्या देणार. तर म्हणते, 'पुढच्या वेळी तू असशील ना गं? माझी शेळी तुझ्याशिवाय कुणाला सुई टोचू देत नाही.' आणि मी तिला सांगू शकले नाही की मी नसेन." तिने नाक पुसलं. "आपलं वर कुणावाचून अडत नाही, हे खरं. पण आपल्यावाचूनही कुणाचं अडत नाही रे."

दादा मिठाची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानेच उद्या म्हणून घालवलं.

"माझं अडतं," दादा म्हणाला.

अख्ख्या हयातीत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वहिनी गेली तेव्हासुद्धा नाही. तेव्हा शेजारणीने आणलेला डबा त्याने दारातूनच परत पाठवला होता. मी कितीतरी वर्षं वाट बघत होते की याला कशाची तरी गरज आहे असं हा एकदा तोंडाने म्हणेल, आणि म्हणाला तो नेमका आज. मला त्याची इतकी कीव आली की रागच विसरले.

भिंगरी उठली, त्याच्या खांद्याला डोकं लावून रडली, आणि म्हणाली, "येते मी, बाबा. उद्या सकाळी निघू."

म्हणजे तो जिंकला. रात्री माझ्याकडेच राहिला.

सकाळी मला जाग आली तेव्हा त्याची चटई गुंडाळलेली होती आणि भिंगरी अजून झोपलेली होती. हा नक्की दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंशी भांडणार! पदर खोचून मी तशीच धावले.

दादा दवाखान्याच्या अंगणात रांगेत उभा होता. पुढे एक बैल, मागे पिंजऱ्यात पोपट, मध्ये हा, हात जोडायचे की खिशात घालायचे ते न कळून. त्याची पाळी आली.

"जनावर कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी वर न बघता विचारलं.

"जनावर नाही. मी मागायला आलोय."

त्यांनी वर बघितलं. मी दाराशीच थांबले.

"मी तुमच्या मदतनिसाचा बाप. तो खटका..." तो अडखळला. विनवणी कशी करतात ते त्याला येतच नव्हतं. शब्द जिन्यातून कपाट उतरवावं तसे ठेचकाळत येत होते. "तो मी ओढलाय असं समजा. लहानपणापासून मीच तिच्या हाताला लावलंय ते."

"मला पुन्हा असं चालणार नाही," बाई म्हणाल्या. "माणसं किती लांबून आली होती. आणि साथ कुणाची वाट बघत थांबत नाही. ही सवय जाईल का तिची?"

"माझ्याकडे राहिली तर नाही जाणार," दादा म्हणाला. "इथे राहिली तर जाईल. म्हणून म्हणतो, तिला ठेवून घ्या."

मागे पोपट ओरडला. डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी नवीन लस येतेय. तिला म्हणावं, आजच ये. फ्रिज पुसायचाय, तिनेच पुसायचा."

दादा बाहेर आला तो थेट डोंगराच्या वाटेला लागला. मिठाची पिशवी, तेलाचा डबा, सगळं माझ्याकडेच राहिलं होतं.

"अरे, वेड्या," मी ओरडले, "तिला सांगून तरी जा! उठली की ती पिशवी भरायला घेईल."

"तू सांग."

"दोन मिनिटं भेटून जा."

तो थांबला, पण वळला नाही.

"नको," म्हणाला. "भेटलो तर तिलाच मागून बसेन."